खेळाच्या लॅपटॉपची पारख



दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाकडे सल्ला विचारावयास येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. पूर्वीं प्रश्न एकच असे, मुलानें कोणत्या शाखेस जावें? आतां त्याच्या जोडीस दुसरा येतो, मुलास लॅपटॉप कोणता घ्यावा? गेल्या उन्हाळ्यांत असेच एक गृहस्थ आपल्या चिरंजीवांस घेऊन आले. त्यांच्या हातांत दुकानदारानें दिलेलें पत्रक होतें, व त्यांतील एका यंत्राभोंवतीं मुलानें शाईनें वर्तुळ काढलें होतें. खेळासाठीं खास बनविलेलें तें यंत्र. किंमत अडीच लाखांच्या घरांत. वडील म्हणाले, "सर, हे पैसे मी भविष्यनिर्वाह निधींतून काढणार आहें. यंत्र महाग आहे, ही माझी तक्रार नाहीं. पण तें टिकेल काय, आणि एवढ्या मोलाचें आहे काय, इतकेंच सांगा."

त्या गृहस्थांचे प्रश्न दोन होते. टिकेल काय, हा भरंवशाचा प्रश्न. एवढ्या मोलाचें आहे काय, हा मोलाचा. किंमत मात्र या दोहोंहून वेगळी वस्तु आहे. ती पत्रकावर छापलेली असते; भरंवसा व मोल आपण शोधून काढावयाचीं असतात. तीं कशीं काढावीं, हेंच आजच्या पाठांत पाहूं.

यंत्र तापतें कां?

खेळाच्या लॅपटॉपांत दोन अवयव मुख्य. एक प्रोसेसर, तो हिशेब करतो. दुसरें ग्राफिक्स कार्ड, तें पडद्यावरील चित्र एका सेकंदांत साठ, शंभर किंवा त्याहूनही अधिक वेळां नव्यानें रेखाटतें. या दोघांस जी वीज लागते, तिचें शेवटीं जवळजवळ संपूर्णपणें उष्णतेंत रूपांतर होतें. वरच्या श्रेणीच्या यंत्रांत एकट्या ग्राफिक्स कार्डास १७५ वॅटपर्यंत वीज दिली जाते. त्यांत प्रोसेसरचे पन्नासएक वॅट मिळविले म्हणजे बेरीज सव्वादोनशें वॅटच्या आसपास जाते. जुन्या पद्धतीचे शंभर वॅटचे दोन दिवे एखाद्या जाड वहीएवढ्या पेटींत कोंडून तासन् तास पेटते ठेवावे, तसा हा प्रकार आहे.

ही उष्णता बाहेर नेण्यासाठीं आंत तांब्याच्या चपट्या नळ्या बसविलेल्या असतात. नळींतील हवा काढून टाकलेली असते व तींत थोडेंसें पाणी असतें. दाब कमी असल्यामुळें त्या पाण्याची वाफ लवकर होते. वाफ थंड टोंकाकडे धांवते, तेथें उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरांतून परत येते. थंड टोंकाशीं पातळ पत्र्यांची रांग असते. तिच्यावरून पंखे वारा सोडतात. इतकें करूनही चिपचें तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या जवळपास पोंचूं लागलें, म्हणजे ती आपण होऊन आपला वेग कमी करते. यामुळें यंत्र जळत नाहीं हें खरें. परंतु ज्या वेगासाठीं पैसे मोजले तो वेगही हातीं लागत नाहीं. खेळाच्या लॅपटॉपची बहुतेक सारी परीक्षा या एका गोष्टीभोंवतीं फिरते, हें ध्यानांत ठेवावें.

पहिली कसोटी : नांवाऐवजीं वॅट वाचावे

एनव्हिडिया कंपनीचें आरटीएक्स ४०९० हें कार्ड मेजावरच्या संगणकासाठीं २०२२ सालीं निघालें, व त्याच नांवाचें लॅपटॉपचें कार्ड २०२३ सालीं बाजारांत आलें. नांव एकच, पण मेजावरच्या कार्डांत गणना करणारे लहान घटक १६,३८४ आहेत, तर लॅपटॉपच्या कार्डांत ९,७२८. पहिल्याची स्मृति २४ गिगाबाइट, दुसऱ्याची १६. पहिल्यास ४५० वॅट वीज मिळते, दुसऱ्यास फार तर १७५. पुढें २०२५ सालीं आरटीएक्स ५०९० आलें, तेव्हां हें अंतर आणखी वाढलें. मेजावरच्या कार्डांत २१,७६० घटक व ५७५ वॅट. लॅपटॉपच्या कार्डांत घटक १०,४९६. म्हणजे पहिल्या जोडींत लॅपटॉपच्या वांट्यास शेंकडा ५९ घटक आले होते, दुसऱ्या जोडींत शेंकडा ४८ च आले.

सव्वादोनशें वॅटच्या पेटींत पांचशें वॅटचें काम मावत नाहीं, हा सृष्टीचा नियम आहे. त्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. परंतु नांव सारखें म्हणून शक्तिही सारखी, असें समजणारा ग्राहक फसतो. हा फसवा सारखेपणा दोन लॅपटॉपांमध्येंही असतो. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपच्या कार्डास ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा यंत्र बनविणाऱ्यास आहे. एकाच नांवाचीं दोन यंत्रें शेजारीं ठेवलीं, तर एक दुसऱ्याच्या तिप्पट वीज घेत असूं शकेल. म्हणून दुकानांत गेल्यावर कार्डाच्या नांवानंतर लगेच विचारावें, "यास वॅट किती दिले आहेत?" हा आंकडा निर्मात्याच्या तपशिलांत बहुधा असतो. तो कोठेंच सांपडत नसेल, तर तेंही एक उत्तरच समजावें.

दुसरी कसोटी : तासाभरानंतर पाहावें

शर्यतींत पहिल्या शंभर पावलांत पुढें असणारा मुलगाच शेवटीं पुढें राहतो असें नाहीं. लॅपटॉपही पहिल्या पांच मिनिटांत थंड असतो, म्हणून वेगानें धांवतो. जाहिरातींतील आंकडे बहुधा याच काळांतील असतात. खरी परीक्षा अशी करावी. एखादा जड खेळ सुरू करून यंत्रास सतत एक तास चालूं द्यावें. पांचव्या, तिसाव्या व साठाव्या मिनिटास तीन गोष्टी टिपून घ्याव्या : सेकंदास किती चित्रें उमटतात, चिपचें तापमान किती, आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलींत अभ्यास करणाऱ्या भावंडास सोसेल काय. पांचव्या मिनिटाचा व साठाव्या मिनिटाचा वेग जवळजवळ सारखा असेल, तर यंत्राची रचना प्रामाणिक आहे. मोठी घट दिसली, तर आपण विकत घेत असलेला वेग हा पांच मिनिटांचा वेग आहे.

येथें आपल्या हवेचा विचार अवश्य करावा. पुष्कळ परीक्षणें वातानुकूलित खोलींत, वीस-बावीस अंशांवर केलेलीं असतात. खोली जितकी तापेल, साधारण तितकेच अंश चिपच्या तापमानांतही वाढतात, कारण पंखा खोलींतीलच हवा आंत ओढतो. समजा, २२ अंशांच्या खोलींत चिप ८० अंशांवर राहिली. तेंच यंत्र मे महिन्यांत विदर्भांतील ४० अंशांच्या खोलींत ठेवलें, तर ८० मध्यें १८ मिळवून ९८ होतात. म्हणजे तें मर्यादेच्या तोंडाशीं आलें. थंड खोलींत उत्तम ठरलेलें यंत्र आपल्या घरीं मध्यम ठरूं शकतें, यांत परीक्षकाचें खोटेपण नाहीं; वजाबाकी व बेरीज आपण करावयाची राहिली, इतकेंच.

बॅटरीसंबंधींही हिशेब करून पाहावा. विमानांत जवळ बाळगतां येणाऱ्या बॅटरीची साधारण मर्यादा १०० वॅट-तास असल्यामुळें मोठ्या लॅपटॉपांतही तिची क्षमता त्याच्या किंचित् आंतच ठेवतात. ९९ वॅट-तासांची बॅटरी १५० वॅटचा खर्च केल्यास सुमारे चाळीस मिनिटांत संपेल. शिवाय बॅटरीवर चालतांना यंत्र आपली शक्ति कमीच ठेवतें. म्हणून ज्या गांवीं वीज वरचेवर जाते, तेथें असा लॅपटॉप घेऊन वीज नसतांना खेळूं, ही आशा व्यर्थ होय.

तिसरी कसोटी : काय झिजणार?

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनीं १८८९ सालीं तापमान व रासायनिक क्रियेचा वेग यांचा संबंध मांडला. १९०३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यावरून अभियंते एक ढोबळ नियम वापरतात, कीं दहा अंश तापमान वाढलें म्हणजे अशा क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो. पदार्थांचें जुनें होणें हीही पुष्कळदां रासायनिक क्रियाच असते. म्हणून नेहमीं तापणारें यंत्र लवकर म्हातारें होतें. बॅटरी उष्णतेंत व सतत पूर्ण भरलेल्या स्थितींत ठेवल्यास तिची क्षमता लवकर घटते. यासाठींच कित्येक यंत्रांत ती शेंकडा ८० पर्यंतच भरण्याची सोय असते. यंत्र सदोदित विजेस जोडलेलें असेल तर ती सोय अवश्य वापरावी.

दुसरी झीज तापण्या-निवण्याची. चिप तापली म्हणजे प्रसरण पावते, निवली म्हणजे आकुंचन पावते. तिच्या खालचे धातूचे सूक्ष्म सांधे दररोज असे ओढले जातात. हा धोका नुसता पुस्तकी नाहीं. जुलै २००८ मध्यें एनव्हिडिया कंपनीनें स्वतः जाहीर केलें, कीं आपल्या लॅपटॉपच्या कांहीं चिपांत वापरलेलें साहित्य कमकुवत ठरून त्या निकामी होत आहेत, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठीं आपण १५ ते २० कोटी डॉलर बाजूस काढून ठेवीत आहों. त्या चिपा निरनिराळ्या नामांकित निर्मात्यांच्या यंत्रांत बसलेल्या होत्या. यावरून दोन धडे घ्यावे. झांकणावरील नांव मोठें असलें तरी आंतील दोष त्यास चुकत नाहीं. आणि कांहीं दोष असे असतात कीं ते पहिल्या आठवड्यांत मुळींच दिसत नाहींत, दोन वर्षांनीं दिसतात.

उरलेल्या झिजणाऱ्या वस्तु साध्या आहेत : पंखे, चिप व नळी यांमधील उष्णतावाहक लेप, झांकणाच्या बिजागऱ्या, आणि चार्जर जोडावयाचें भोंक. धूळ ही पंख्याची मोठी वैरी. यंत्र गादीवर किंवा मांडीवर ठेवून खेळूं नये. त्याची मागची बाजू किंचित् उंच ठेवावी.

चौथी कसोटी : बिघडल्यावर काय?

कोणतेंही यंत्र बिघडूं शकतें. म्हणून घेण्यापूर्वींच विचारावें, कीं बिघडल्यास कोणता भाग सुटा बदलतां येतो? साठवणुकीची एसएसडी व बॅटरी बहुधा बदलतां येते. रॅम कांहीं यंत्रांत सुटी असते, तर कांहींत मुख्य पाटीवर पक्की डाख दिलेली असते. ग्राफिक्स कार्ड मात्र खेळाच्या लॅपटॉपांत जवळजवळ नेहमींच मुख्य पाटीवर पक्कें असतें. तें गेलें तर संपूर्ण पाटी बदलावी लागते, आणि तो खर्च कधीं कधीं नव्या साधारण यंत्राइतका होतो. कांहीं महागड्या यंत्रांत लेपाऐवजीं गॅलियमयुक्त द्रव धातु वापरतात. तो उष्णता उत्तम वाहून नेतो, परंतु ॲल्युमिनियमवर सांडल्यास त्यास खातो व विजेच्या सांध्यांवर सांडल्यास नुकसान करतो. असें यंत्र कोपऱ्यावरच्या होतकरू दुरुस्तीवाल्यानें उघडावें, हें बरें नव्हे.

हमीपत्र वाचतांना मुदत पाहावी, तसेंच माणूस घरीं येऊन दुरुस्त करणार कीं यंत्र दूरच्या शहरीं पाठवावें लागणार, हेंही पाहावें. पडणें व पाणी सांडणें साध्या हमींत बहुधा येत नाहीं. पावती जपून ठेवावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलांत आहे. सदोष वस्तूबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. मात्र पावतीशिवाय बाजू लंगडी पडते.

पांचवी कसोटी : साक्ष कोणाची?

यंत्र दोन वर्षें टिकेल किंवा नाहीं, हें आपणांस दुकानांत कळत नाहीं. म्हणून दुसऱ्यांच्या साक्षीवर अवलंबून राहावें लागतें. तेव्हां न्यायाधीशाप्रमाणें प्रत्येक साक्षीदारास तीन प्रश्न विचारावे. तूं यंत्र किती दिवस वापरलेंस? तूं किती यंत्रें पाहिलींस? आणि तुझें यांत हित काय? पांच तारे देणारा पुष्कळदां खोकें उघडून एक आठवडाही झालेला नसतो. ज्याचें यंत्र बिघडलें तो मोठ्यानें बोलतो. ज्याचें नीट चालतें तो गप्प असतो. दोघेही खरे बोलत असतील, तरी दोघांच्या बोलण्यावरून शंभरांतील किती बिघडतात हें समजत नाहीं.

मोठ्या संख्येची साक्ष अधिक वजनाची. अमेरिकेंतील स्क्वेअरट्रेड या संस्थेनें नोव्हेंबर २००९ मध्यें सुमारे तीस हजार लॅपटॉपांचा हिशेब प्रसिद्ध केला. तीन वर्षांत शेंकडा ३१ यंत्रें निकामी होतात, त्यांपैकीं २०.४ यंत्राच्या दोषानें व १०.६ पडून किंवा कांहीं सांडून, असा तिचा निष्कर्ष होता. आणखी एक आंकडा विशेष बोलका आहे. एक हजार डॉलरांहून महाग यंत्रांत स्वतःच्या दोषानें बिघडणारीं शेंकडा १८.१ धरलीं होतीं, तर चारशें ते हजार डॉलरांच्या यंत्रांत २०.६. म्हणजे पुष्कळ अधिक किंमत देऊन भरंवशांत मिळालेला फायदा शेंकडा अडीचच. आतां तिसरा प्रश्न विचारावा, या संस्थेचें हित काय? ती जादा हमी विकणारी संस्था होती. यंत्रें बिघडतात असें लोकांस वाटणें तिच्या सोयीचें होतें. शिवाय तो हिशेब जुना आहे, व खेळाच्या यंत्रांपुरता नाहीं. म्हणून ते आंकडे आजच्या यंत्रास जसेच्या तसे लावूं नयेत. पण महाग म्हणजे टिकाऊ, या समजुतीस त्यांनीं जो धक्का दिला तो विसरूंही नये.

मोलाचा हिशेब

आतां वही घ्या. यंत्राच्या किंमतींत दुरुस्तीचा अंदाजी खर्च मिळवा, शेवटीं विकून येणारी रक्कम वजा करा, आणि उरलेल्यास वापराच्या तासांनीं भागा. समजा, एक यंत्र २,४०,००० रुपयांचें आहे. पांच वर्षांत दुरुस्ती २०,००० व शेवटीं विक्री ४०,०००. निव्वळ खर्च २,२०,०००, म्हणजे वर्षास ४४,०००. आठवड्यास दहा तास जड काम असेल, तर वर्षाचे ५२० तास होतात; तासास सुमारें ८५ रुपये पडले. दुसरें यंत्र १,२०,००० रुपयांचें, दुरुस्ती १५,००० व विक्रीही १५,००० धरली, तर वर्षास २४,००० व तासास सुमारें ४६ रुपये. पहिलें यंत्र तीन वर्षांनींच दुरुस्तीपलीकडे गेलें व त्याचें कांहींच आलें नाहीं, तर तासाचा दर १५४ रुपयांवर जातो. मोल व भरंवसा हे दोन प्रश्न निराळे असले तरी एकमेकांस बांधलेले आहेत, तें असे.

महाग यंत्र घेणें ही नेहमींच चूक नव्हे. त्रिमिति चित्रपटांचें काम शिकणारा, वसतिगृहांत राहणारा, व ज्यास मेजावरचा संगणक बरोबर नेतां येत नाहीं, अशा विद्यार्थ्यास तें यंत्र उपजीविकेचें साधन होईल. पण एकाच जागीं बसून खेळावयाचें असेल, तर तेवढ्याच पैशांत मेजावरचा संगणक अधिक वेगवान, अधिक थंड व सुटे भाग बदलतां येण्याजोगा मिळतो.

ज्या चिरंजीवांनीं वर्तुळ काढलें होतें, त्यांस मीं एकच काम सांगितलें. यंत्राचे तास दोन रकान्यांत लिहून आणावयाचे. एक अभ्यासाचा, दुसरा खेळाचा. आणि खेळास अभ्यास म्हणावयाचें नाहीं. आठ दिवसांनीं ते परत आले. दुसरा रकाना पहिल्याहून बराच लांब होता, व त्यांनीं तो लपविला नव्हता. खेळणें हा गुन्हा नव्हे, हें वडिलांनींच बोलून दाखविलें. मग बापलेकांनीं मिळून वॅट, तासाभराची परीक्षा, हमी व दुरुस्तीची सोय पाहून निम्म्या किंमतीचें यंत्र घेतलें. उरलेली रक्कम निधींतच राहिली. धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची वेळ यावयाची आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. आधीं बसून खर्चाचा अंदाज न करणाऱ्याचा पायाच तेवढा घालून होतो, व काम अर्धवट राहतें. आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें तो ऐकलेला आहे. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं तो आठवावा, आणि वडिलांच्या शेजारीं बसून हिशेब आपल्या हातानें करावा.

अभ्यासार्थ उदाहरणें

१. २४ अंशांच्या खोलींत एका यंत्राची चिप ७७ अंशांवर राहते. ३८ अंशांच्या खोलींत ती अदमासें किती अंशांवर जाईल?

२. ८० वॅट-तासांची बॅटरी १०० वॅटच्या खर्चानें किती मिनिटें चालेल?

३. तुमच्या घरींच असलेल्या एखाद्या यंत्राचा तासाचा दर वरील रीतीनें काढा, व तो घरच्या मंडळींस दाखवा.